जुने टिकले नाही, दुरुस्त होत राहिले

पूर्वीच्या वस्तू भक्कम आणि आताच्या तकलादू, हे आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की ते कुणी तपासून पाहत नाही. पंखा, शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर, विषय कोणताही असो, बोलणे फिरून ‘जुने ते सोने’वर येऊन थांबते. हा समज वरवर निरुपद्रवी वाटतो, पण तो आपल्याला महागात पडतो. जुनी यंत्रे चांगल्या मालामुळे टिकली असे एकदा गृहीत धरले की आजच्या यंत्रांबाबत करण्यासारखे काही उरतच नाही. काळ बदलला म्हणायचे आणि नवे विकत घ्यायचे. माझे म्हणणे वेगळे आहे. बहुतेक जुनी यंत्रे टिकली नाहीत. ती बिघडत आणि दुरुस्त होत राहिली. ती दुरुस्त होऊ शकली याचे मुख्य कारण त्यांच्यातला माल नव्हे, त्यांच्याविषयीची माहिती. हे पटवण्यासाठी एखादे नामांकित, निगुतीने घडवलेले यंत्र निवडणे सोपे होते. त्याऐवजी कारखान्यातून भराभर निघालेली, थोडी दिखाऊ आणि आतून बऱ्याच ठिकाणी काटकसर केलेली वस्तू घेऊ: १९६० च्या दशकातला अमेरिकी स्टीरिओ कन्सोल.

कन्सोल म्हणजे पाच-सहा फूट लांबीचे, आखूड पायांचे लाकडी कपाट. वरची फळी उचलली की एकीकडे रेकॉर्ड चेंजर, दुसरीकडे रेडिओ आणि अँप्लिफायरची बटणे, खाली तबकड्या उभ्या ठेवायची जागा आणि दोन्ही टोकांना कापडामागे स्पीकर. आपल्याकडच्या सुखवस्तू घरांतला रेडिओग्राम याच जातकुळीचा. १९५८ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी स्टीरिओ तबकड्या बाजारात आणल्या, १ जून १९६१ पासून तिथे एफएमवर स्टीरिओ प्रसारण सुरू झाले आणि दिवाणखान्यात हे सगळे एकाच फर्निचरमधून ऐकायची सोय म्हणून कन्सोल खपू लागले. फोर्ट वेनची मॅग्नाव्हॉक्स, शिकागोची झेनिथ, आरसीए, फिशर ही त्यातली ठळक नावे. (यातल्या एव्हरी फिशर यांचे नाव पुढे १९७३ ते २०१५ पर्यंत न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सभागृहाला होते. कन्सोलवाल्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.) सत्तरच्या दशकात जपानी बनावटीचे सुटे अँप्लिफायर आणि सुटे स्पीकर आले, तसे हे कपाट अडगळीत गेले. आज तिथे चालू स्थितीत नसलेला कन्सोल पडेल भावात, कधीकधी केवळ उचलून नेण्याच्या बोलीवर मिळतो. काही जण आतला अँप्लिफायर काढून विकतात आणि रिकाम्या कपाटात दारूच्या बाटल्या मांडतात. काही जण मात्र तो पुन्हा वाजता करतात, आणि साठ वर्षांच्या यंत्रात हे जमते. ते कसे जमते याचा विचार करायचा तर आधी त्यात काय काय बिघडलेले असते ते पाहायला हवे.

जवळपास सगळेच बिघडलेले असते. वीजपुरवठ्यातली घरघर गाळणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात. त्यामुळे स्पीकरमधून गाण्याआधी जाडसर गुणगुण ऐकू येते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीच्या आणि साठच्या सुरुवातीच्या संचांत कागदी कंडेन्सर असतात, आणि कागद हवेतली ओल शोषून घेतो. कार्बनच्या रेझिस्टन्सचे ओहममधले मूल्य वर्षागणिक चढत जाते. व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खरखर होते. चेंजरमधले ग्रीस वाळून डिंकासारखे झालेले असते, म्हणून पिकअपचा हात उचलला जातो तो अधांतरीच राहतो. मोटरची गती थाळीला देणारे रबरी चाक कडक होऊन घसरते. पिकअपमधल्या सिरॅमिक काडीला धरून ठेवणारे इवलेसे रबर विरघळलेले असते. अनेक कपाटांत अस्सल लाकूड फक्त वरच्या पातळ थरापुरते, आत भुश्याची दाबलेली फळी, जी ओल लागली की फुगते. हे भक्कमपणाचे लक्षण म्हणावे का? या यंत्राचा जवळजवळ प्रत्येक हलणारा भाग आणि प्रत्येक कंडेन्सर मुदतीचा होता, आणि ती मुदत केव्हाच संपली. ‘पूर्वीचा माल’ या शब्दांमागची आपली श्रद्धा अशा कपाटाची मागची पाटी उघडल्यावर टिकत नाही.

तरीही तो वाजू शकतो. कसा, हे एका बिघाडापुरते जवळून पाहू. जाणकार माणूस असा संच मिळाला की प्लग भिंतीत खुपसत नाही. आपले इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तसा साधा तारेचा दिवा मध्ये जोडून तो हळूच वीज देतो. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्क पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो; तसे नसेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. हे निभावले की गाठायचे ते आउटपुट व्हॉल्व. मॅग्नाव्हॉक्सच्या अनेक कन्सोलांत ६बीक्यू५ हा व्हॉल्व आहे, ज्याला युरोपात आणि आपल्याकडे ईएल ८४ म्हणतात. त्याच्या ग्रिडपाशी, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीपाशी, एक छोटा कंडेन्सर असतो. अलीकडच्या टप्प्यावर शंभर-दीडशे व्होल्टचा डीसी दाब असतो. तो अडवायचा आणि फक्त आवाजाचा बदलता प्रवाह पुढे सोडायचा, एवढेच त्याचे काम. हा कंडेन्सर थोडासा गळू लागला तर काय होते? ग्रिड आणि जमीन यांच्यामध्ये साधारण ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असतो. त्यातून अवघे पाच मायक्रोअँपियर वाहिले तरी ग्रिडवर सव्वादोनहून जास्त व्होल्ट उमटतात. जिथे शून्य हवे तिथे धन दाब आला की व्हॉल्व गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लालसर होते, आणि काही काळाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग जळते. व्हॉल्व बदलता येतो. तो ट्रान्सफॉर्मर शोधायला मात्र वणवण करावी लागते. म्हणजे काही रुपयांच्या कंडेन्सरने सगळ्यात अवघड भाग खाल्ला.

आता यातली मेख पाहा. तो गळका कंडेन्सर काढून साध्या मल्टीमीटरवर तपासला तर बहुधा तो चांगलाच दिसतो, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्ट देतो आणि गळती शंभर व्होल्टला होते. डोळ्यांना तो ठणठणीत, मीटरला ठणठणीत. दोष पकडला जातो तो एकाच रीतीने: संच चालू असताना ग्रिडचा व्होल्टेज मोजायचा आणि तिथे किती असायला हवा होता त्याच्याशी ताडून पाहायचा. मग वीज बंद करून कंडेन्सरचे एक टोक सोडवायचे आणि संच चालू करून पुन्हा मोजायचे. दाब नाहीसा झाला तर गुन्हेगार तोच, नाहीसा झाला नाही तर व्हॉल्वच आतून बिघडलेला. दोन मोजमापांत निकाल. पण या सगळ्याचा आधार ‘किती असायला हवा होता’ हा आकडा आहे. रक्ताच्या अहवालात सामान्य मर्यादेचा रकाना नसता तर नुसत्या आकड्यांचे डॉक्टरांनी काय केले असते? हाताची सफाई, कान, अनुभव या गोष्टी दुरुस्तीला लागतातच, पण त्या आकड्यानंतर. आणि तो आकडा आजही मिळतो. साठ वर्षांपूर्वीच्या एका कपाटातल्या एका व्हॉल्वच्या एका पायावर किती व्होल्ट असावेत, हे आज पुण्यात बसूनही कळू शकते.

हे आपोआप झाले नाही. न्यूयॉर्कच्या जॉन रायडर यांनी १९३० च्या दशकात रेडिओंच्या सर्किटांचे जाडजूड ग्रंथ छापायला सुरुवात केली. १९४६ मध्ये हॉवर्ड सॅम्स यांनी इंडियानापोलिसला कंपनी काढली आणि ‘फोटोफॅक्ट’ नावाच्या पुस्तिका दुरुस्तीच्या दुकानांना वर्गणीवर पुरवल्या. सॅम्सच्या माणसांनी बाजारातला संच प्रत्यक्ष आणायचा, उघडायचा, फोटो काढायचे, साऱ्या कंपन्यांची सर्किटे एकाच पद्धतीच्या खुणांनी काढायची, व्हॉल्वच्या प्रत्येक पायावरचा व्होल्टेज लिहायचा आणि प्रत्येक भागाला पर्यायी भाग कोणता चालेल तेही द्यायचे. खुद्द कन्सोलमध्ये कोणता व्हॉल्व कुठे बसतो ते दाखवणारा कागद चिकटवलेला असे. त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानांत आणि किराणा दुकानांत व्हॉल्व तपासायची यंत्रे ठेवलेली असत. गिऱ्हाइकाने घरून व्हॉल्व पिशवीत घालून आणायचे, स्वतः तपासायचे आणि गेलेला तिथेच विकत घ्यायचा. भागांवर छापलेले आकडेसुद्धा बोलके होते. व्हॉल्यूमच्या पोटेन्शियोमीटरवर १३७६५४२ असा शिक्का असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६५ म्हणजे १९६५ साल आणि ४२ म्हणजे त्या वर्षाचा बेचाळिसावा आठवडा. ही साऱ्या उद्योगाने मिळून ठरवलेली पद्धत होती. म्हणून कागदपत्र हरवलेल्या कन्सोलचेही वय निघते, आणि वय निघाले की योग्य पुस्तिका सापडते.

माहिती नसली तर कारागिराचे काय होते याचे उदाहरणही याच कपाटात आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० सायकलची, आपल्याकडे ५० ची. तिकडून परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाने हौसेने कन्सोल मुंबईला आणला आणि २३० व्होल्टचे ११७ करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तर रेडिओ चालेल, पण तबकडी रेंगाळेल. चेंजरच्या मोटरची गती व्होल्टेजवर नव्हे, सायकलवर ठरते. त्यामुळे ३३⅓ ऐवजी थाळी मिनिटाला जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे घेईल आणि लताबाईंचा आवाज सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरेल. हे ठाऊक नसलेला माणूस मोटरला तेल घालील, रबरी चाक बदलेल, शेवटी मोटरच काढून टाकील. ठाऊक असलेला माणूस मोटरच्या दांड्यावरची इवलीशी पितळी पुली पाहील, कारण तिचा व्यास थोडा वाढवला की गती जागेवर येते. इंग्लंडची गॅरार्ड कंपनी आपल्या चेंजरांसाठी ५० आणि ६० सायकलच्या वेगवेगळ्या पुली देत असे आणि तसे आपल्या माहितीपत्रकांत नमूद करीत असे. कामाचे साहित्य म्हणाल तर लेथवर कातलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा.

आणि उलट बाजूही याच उद्योगाने दाखवली. साठच्या दशकात मॅग्नाव्हॉक्सने ‘अ‍ॅस्ट्रो-सॉनिक’ नावाने ट्रान्झिस्टरचे कन्सोल काढले. व्हॉल्वच्या काळात ६बीक्यू५ हे नाव कोणत्याही कंपनीचे असो, अर्थ एकच. ट्रान्झिस्टरवर मात्र अनेक कंपन्या स्वतःचा घरगुती आकडा छापू लागल्या. आतला भाग बाजारातल्या सर्वसाधारण ट्रान्झिस्टरसारखाच असला तरी वरचा आकडा फक्त त्या कंपनीच्या वहीत सापडणार. तो भाग जळला की एरवी किरकोळ वाटणारा बिघाड भिंतीसारखा उभा राहतो. इथेही सुटका झाली ती कागदाने: सॅम्सच्या पुस्तिकेतल्या पर्यायांच्या रकान्याने आणि सिल्व्हेनियाच्या ईसीजी मार्गदर्शिकेसारख्या पर्यायी भागांच्या जाड याद्यांनी. व्हॉल्वचे कन्सोल जुने असूनही दुरुस्तीला सोपे आणि ट्रान्झिस्टरचे नवे असूनही अडून बसणारे, असा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यांना येतो त्याचे एक कारण हे आहे. माल सुधारला होता आणि ट्रान्झिस्टर व्हॉल्वपेक्षा टिकाऊच होते, पण नाव झाकले गेले. आजच्या फोनमधल्या बॅटरीला आणि पडद्याला अनुक्रमांकांनी त्याच एका फोनशी जखडण्याची चाल म्हणजे याच प्रवृत्तीचे पुढचे पाऊल.

यावर पहिली आणि सर्वात वजनदार हरकत अशी की आपण फक्त वाचलेले कन्सोल पाहतो. जे भंगारात गेले त्यांची गणती नाही. उरलेल्यांवरून निष्कर्ष काढणे ही फसगत आहे. हरकत बरोबर आहे, आणि ‘जुने ते सोने’वाल्यांना ती निरुत्तर करते. माझ्या मुद्द्याला मात्र ती बळच देते. वाचलेला कन्सोल उघडला तर त्यातलेही कंडेन्सर सुकलेले, रबर कडक आणि ग्रीस गोठलेलेच निघते. म्हणजे तो भंगारात गेलेल्यापेक्षा चांगल्या मालाचा नव्हता. तो कोरड्या खोलीत पडून राहिला आणि कुणाच्या तरी हाती पडला, एवढाच फरक. त्याला पुन्हा वाजवता येते हे त्याच्या निवडीवर नव्हे, त्याच्या नकाशावर, म्हणजे छापलेल्या सर्किटावर, अवलंबून आहे, आणि नकाशा भंगारात गेलेल्या भावंडांचाही तेवढाच उपलब्ध आहे.

दुसरी हरकत गुंतागुंतीची. कन्सोलमध्ये डझनभर व्हॉल्व आणि हाताने जोडलेल्या तारा. आजच्या फोनच्या पाटीवर तांदळाच्या दाण्याहून लहान भाग. तिथे नकाशा देऊन कुणाचे भले होणार? पण १९६१ मधल्या रेडिओ मेकॅनिकला एफएम स्टीरिओ हीच अगम्य गुंतागुंत होती. १९ किलोहर्ट्‌झचा पायलट सूर, त्याच्या दुप्पट ३८ चा उपवाहक, त्यातून डावा आणि उजवा आवाज वेगळा काढायचा. एक कॉइल किंचित सरकली तरी दोन्ही बाजू एकच होतात. सॅम्सने ते जुळवायची रीत पायरीपायरीने छापली आणि गावोगावचे मेकॅनिक ते शिकले. आपल्याच इथे पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्त करणारी मुले सूक्ष्मदर्शकाखाली नेमके तेच तांदळाएवढे भाग काढतात आणि बसवतात. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर पाटीचे नकाशेही असतात, फक्त ते कंपनीने दिलेले नसतात; कुठून तरी फुटलेले, अर्धवट, कुणीतरी विकलेले असतात. त्यावरून कौशल्याचा तुटवडा सिद्ध होत नाही. अडचण एवढीच की हे कौशल्य चोरवाटेने चालवावे लागते आणि त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याची हमी मागता येत नाही.

मग सुरक्षिततेचा मुद्दा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. व्हॉल्वच्या कन्सोलमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टचा डीसी असतो, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो टिकून राहतो. अनेक जुन्या संचांत वीजवाहिनी आणि लोखंडी चासी यांच्यामध्ये एक कंडेन्सर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तर पूर्ण चासीला जिवंत वीज येते. ज्याला यातले कळत नाही त्याने मागची पाटी उघडू नये, हे स्पष्टच सांगायला हवे. पण हे धोके कुणाला माहीत झाले? ज्यांनी सर्किट पाहिले त्यांना. त्या कंडेन्सरच्या जागी सुरक्षिततेसाठीच बनवलेला वाय वर्गाचा कंडेन्सर लावावा आणि तीन पिनांचा अर्थिंग असलेला प्लग जोडावा, हे ज्ञान नकाशातून येते. नकाशा दडवला तर लोक उघडायचे थांबत नाहीत, फक्त आंधळेपणाने उघडतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये तिथल्या काँग्रेसला दिलेल्या अहवालात दुरुस्तीवरच्या बंधनांसाठी कंपन्या देत असलेली कारणे तपासली. सुरक्षितता हे त्यातले एक प्रमुख कारण होते. त्या कारणांना पुष्टी देणारा पुरावा फारच तोकडा आहे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष निघाला.

व्यापारी गुपिते उघडी पडतील या हरकतीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. सॅम्सच्या पुस्तिका झेनिथच्या इंजिनिअरलाही विकत मिळत होत्या आणि मॅग्नाव्हॉक्सच्याही. कुणाचे सर्किट कुणी चोरले म्हणून कन्सोलचा धंदा बसला नाही. तो बसला तो चांगले, सुटसुटीत जपानी सामान आले म्हणून, आणि त्या जपानी कंपन्याही आपापल्या अँप्लिफायरांचे सर्व्हिस मॅन्युअल सर्किटासकट छापत होत्या.

उरते ती व्यवहाराची हरकत. शंभर वॉटच्या पुढे वीज खाणारे सहा फुटी कपाट दुरुस्त करण्यात कसला शहाणपणा, जेव्हा मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर त्याच्याहून मोठ्याने वाजतो? हे मला मान्य आहे. प्रत्येक कन्सोल वाचवायलाच हवा असे नाही. ज्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला आणि फळ्या फुगल्या त्याला सोडून द्यावे, आणि त्याचे चांगले भाग दुसऱ्याला लावावेत. पण तो मुठीएवढा स्पीकर तीन वर्षांनी चार्ज होईनासा झाला की काय करतो आपण? बहुतेकदा त्यात एक बॅटरी किंवा चार्जिंगचे एक सॉकेट गेलेले असते, म्हणजे त्या गळक्या कंडेन्सरइतकीच क्षुल्लक गोष्ट. कपाट दुरुस्त करावे की नाही हा निर्णय मालक घेऊ शकतो. स्पीकरच्या बाबतीत तो निर्णय कारखान्यात आधीच झालेला असतो, कारण तो डिंकाने चिकटवलेला आहे आणि त्याच्या आत काय आहे हे सांगणारा एकही अधिकृत कागद बाजारात नाही. वीज कोण किती खातो याचा हिशेब मांडायचा असेल तर दर तीन वर्षांनी नवा स्पीकर घडवायला लागणारी वीज आणि खनिजेही त्यात धरावी लागतील.

याबाबत भारतात काहीच हालचाल नाही असे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने हाती घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. उपकरण किती दुरुस्तीयोग्य आहे याला गुण देण्याच्या पद्धतीवरचा अहवालही मे २०२५ मध्ये सादर झाला. फ्रान्समध्ये असे गुण १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या पाटीवर छापावे लागतात, आणि कागदपत्रांची उपलब्धता हा तिथल्या पाच निकषांपैकी एक आहे. आपल्याकडे पोर्टलवर कंपन्या जे देतात त्यात सेवा केंद्रांचे पत्ते, हमीच्या अटी आणि वापराच्या सूचना यांचाच भरणा दिसतो. सेवा केंद्राचा पत्ता म्हणजे नकाशा नव्हे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पण त्यांचा मुख्य भर वस्तू कचरा झाल्यानंतर तिचे काय करायचे यावर आहे.

गुण देण्याची पद्धत आली तर चांगलेच, पण गुण वस्तू विकत घेताना उपयोगी पडतात. दुरुस्तीची वेळ दहा-वीस वर्षांनी येते, तेव्हा ती कंपनी त्या नावाने अस्तित्वात असेलच असे नाही. मॅग्नाव्हॉक्स १९७४ मध्येच फिलिप्सच्या अमेरिकी कंपनीकडे गेली. तिच्या कन्सोलची सर्किटे वाचली ती तिऱ्हाइताने छापून ठेवली म्हणून. तेव्हा कायद्यात तिऱ्हाइताची सोय हवी, आणि त्याचा नमुना आपल्याकडे सत्तर वर्षे आहे. १९५४ च्या कायद्याने भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची एकेक प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पोचवावी लागते. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय त्यात आहे, तसे मुंबईच्या टाउन हॉलमधले राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही. कुणाला ते पुस्तक आज हवे आहे का, असे तो कायदा विचारत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विद्युत उपकरणाचे सर्किट, भागांची यादी, तपासणीच्या ठिकाणांचे व्होल्टेज आणि लागणारे सॉफ्टवेअर विक्री सुरू होतानाच अशा एखाद्या संस्थेकडे जमा करावे, आणि कंपनीने सुटे भाग किंवा सेवा बंद केली त्या दिवसापासून ते सर्वांना खुले व्हावे, एवढी तरतूद पुरेशी आहे. कंपनीचे गुपित तिच्या विक्रीच्या काळात सुरक्षित राहते. कारखान्याला वेगळे काही बनवावे लागत नाही, कारण हे कागद त्याच्याकडे असतातच. ते नसतील तर त्याची स्वतःची सेवा केंद्रेही चालणार नाहीत. खर्च येईल तो साठवणुकीचा, आणि तो विकलेल्या मालाच्या संख्येवर बसवता येईल. सुरुवात मोबाइलपासून करायचा हट्टही नको. पंखे, पंप, मिक्सर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून केली तर कंपन्यांचा विरोध कमी होईल आणि तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला त्याचा उपयोग पहिल्याच वर्षी दिसेल.